वापरात आहे म्हणून वारसा नाही? बोरघाटातील दगडी पुलांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

महोदय,

स. न. वि. वि.

कर्जत ते लोणावळा या घाटातील जुन्या दगडी रेल्वेपुलांची देखभाल एका कार्यालयाकडे, त्यांचे नकाशे आणि कागदपत्रे दुसऱ्याकडे, वारसा वास्तूंच्या याद्या तिसऱ्याकडे आणि पर्यटकांची सोय चौथ्याकडे अशी वाटणी असल्यामुळे हे पत्र कोणा एका अधिकाऱ्याच्या नावे लिहिता येत नाही. गेल्या वर्षी मी यांपैकी एका कार्यालयाकडे साधा अर्ज केला होता. घाटातील कमानींचा पूल जिथून सुरक्षितपणे दिसतो अशा एखाद्या सार्वजनिक जागी त्याची माहिती देणारा मराठी फलक लावावा, एवढीच विनंती त्यात होती. तीन महिन्यांनी उत्तर आले. सदर पूल वाहतुकीच्या वापरात असल्याने तो वारसा वास्तू म्हणून विचारात घेता येत नाही, सबब अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे, असा त्याचा मथितार्थ होता. दुसऱ्या कार्यालयात गेले तर त्यांनी पहिल्याकडे बोट दाखवले. टपाल खात्यात बत्तीस वर्षे नोकरी केल्यामुळे ‘दप्तरी दाखल’ या शब्दांचा अर्थ मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बंद लिफाफ्यातल्या पत्राचे काय झाले ते पाहिले, म्हणून आता हे उघडे पत्र.

या विषयात माझा संबंध काय, हे आधी सांगते. मी खंडाळ्याच्या रेल्वे चाळीत वाढले. माझे वडील हिल गँगमध्ये होते. घाटाबाहेरच्या वाचकांना हे नाव ठाऊक नसेल. पावसाळ्यापूर्वी कडे चढून सुटे झालेले दगड हेरायचे, कमरेला दोर बांधून कड्यावर उतरायचे, गाडी नसलेल्या वेळात पहारीने ते दगड मोकळे करून खाली पाडायचे आणि मग रूळ साफ करून द्यायचे, हे या गँगचे काम. दरड कोसळली की वर्तमानपत्रात बातमी येते. दरड कोसळू नये म्हणून वर्षभर दोरावर लोंबकळणाऱ्या माणसांची बातमी कधी येत नाही, आणि ती यावी अशी वडिलांची अपेक्षाही नव्हती. ते पुलाला ‘पूल’ म्हणत नसत, ‘कमानी’ म्हणत. “आज कमानीखालच्या बाजूला काम होतं,” एवढेच घरी सांगत. कमानी कोणी आणि केव्हा बांधल्या, हे त्यांनाही कोणी सांगितले नव्हते. रेल्वेची पूर्ण नोकरी त्या पुलाच्या सावलीत करूनही.

गेल्या हिवाळ्यात मी तो पूल पहिल्यांदा नीट पाहिला असे म्हटले तर आपल्याला आश्चर्य वाटेल. पण पुलावरून जाताना पूल दिसत नाही. काचेच्या छताच्या डब्यातून घाट उतरताना सगळा डबा धबधबे आणि बोगदे टिपण्यासाठी मोबाइल उंचावतो, आणि कमानींवरून गाडी जाते तेव्हा एका बाजूला अचानक मोकळी हवा आल्याचे जाणवते, इतकेच. त्या प्रवासात सूचना झाल्या त्या फक्त स्थानकांच्या. म्हणून मी आणि माझी भाची घाटपायथ्याच्या एका वाडीतून वर जाणाऱ्या पायवाटेने, रुळांपासून पुष्कळ खाली राहून, दरीच्या पलीकडच्या उतारावर गेलो. तिथून तो पूर्ण दिसला. काळ्या दगडाचे उंच निमुळते खांब दरीच्या तळातून वर येतात, त्यांवर अर्धवर्तुळाकार कमानी बसलेल्या आहेत, सांध्यांतून पाझरलेल्या पाण्याचे पांढरे ओघळ दगडावर उमटले आहेत, आणि कमानीच्या एका कोनाड्यात पिंपळाने मूळ धरले आहे. (हा पिंपळ वडिलांच्या नजरेतून सुटला नसता.) थोड्या वेळाने पुण्याकडे चढणारी गाडी आली. मुंबईहून घाट चढून येणाऱ्या गाडीला रेल्वेच्या भाषेत ‘डाउन’ म्हणतात, ही आमच्या चाळीतल्या मुलांची कायमची करमणूक होती. गाडी गेल्यावर मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांचा घुमणारा आवाज दरीत काही क्षण राहिला. खांब हलला नाही, दगड हलला नाही. आजच्या गाडीचे वजन त्या काळच्या गाडीच्या तुलनेत कितीतरी पटींनी वाढले आहे, आणि तरीही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी वाचायला बसले. जे सापडले ते आपल्याच दप्तरांत, गॅझेटियरांत आणि इतिहासकारांच्या लेखनात आहे. मी नवे काही शोधलेले नाही. मात्र घाटात राहणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसावे, ही माझी तक्रार आहे, म्हणून थोडे विस्ताराने मांडते.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. पुढची दहा वर्षे सह्याद्रीने ही रेल्वे अडवून धरली होती, हे कोणाला पाठ नसते. १८५६ मध्ये रूळ खोपोलीपर्यंत आले, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, आणि मधल्या घाटात प्रवाशांना पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करावी लागे. हा तुटलेला दुवा जोडण्याचे काम १८५६ च्या सुरुवातीला हाती घेतले गेले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले. सुमारे १६ मैलांच्या अंतरात १,८३१ फूट चढ, काही ठिकाणी ३७ फुटांना १ फूट इतका कडक, २५ बोगदे आणि ८ मोठे कमानींचे पूल. गाडीने दिशा बदलून चढ चढावा म्हणून खंडाळ्याजवळ उलटे स्थानक बांधले होते. गाडी तिथे थांबे, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने पुढे निघे. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला आणि ते स्थानक बंद पडले.

या मार्गाचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली. घाट पुरा झालेला पाहायला ते राहिले नाहीत. १८६२ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले. पहिले कंत्राट विल्यम फेवियल यांच्याकडे होते. मजुरी थकत गेली, मधल्या ठेकेदारांनी हात वर केले, आणि जानेवारी १८५९ मध्ये घाटात मजुरांचा उठाव होऊन युरोपीय कर्मचाऱ्यांवर हल्ले झाले. फेवियल यांनी काम सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी मुंबईला पोहोचले आणि अल्पावधीतच मरण पावले. त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःच्या नावावर घेतले आणि अनुभवी अभियंत्यांच्या हाती प्रत्यक्ष काम सोपवून ते तडीस नेले. नवऱ्याच्या मृत्यूनंतर परक्या देशात एवढ्या अवघड कामाची जबाबदारी उचलणाऱ्या या बाईंचे नावही घाटात मला कुठे वाचायला मिळाले नाही.

आता मजुरांकडे येते. १८६१ च्या सुरुवातीला घाटात एका वेळी सुमारे ४२,००० माणसे काम करत होती. त्यांत बायका होत्या, मुले होती. जिथे उभे राहायला जागा नव्हती तिथे माणसांना दोराने कड्यावरून खाली सोडत, आणि ती लोंबकळत सुरुंगाची भोके पाडत. हे वाक्य वाचून मी पुस्तक मिटले. शंभर वर्षांनंतर माझे वडील त्याच कड्यांवर तसेच दोराला लोंबकळत होते, फक्त त्यांच्या हातात सुरुंगाऐवजी पहार होती. या कामात कॉलरा, ताप, सुरुंगाचे अपघात आणि कड्यावरून पडणे यांत किती माणसे गेली, याचे इतिहासकारांनी केलेले अंदाज २०-२५ हजारांपर्यंत जातात. अंदाज म्हणण्याची वेळ येते, कारण मोजदाद कोणी ठेवली नाही. उठावानंतर १८६० मध्ये मालक आणि मजूर यांच्या वादांचा कायदा मात्र तातडीने झाला. मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट निकाली काढावेत अशी सोय त्यात होती, आणि करार मोडणाऱ्या मजुराला शिक्षेची तरतूदही त्यातच होती.

एवढ्यावर गोष्ट संपली नाही. जुन्या कागदांत ‘म्हौ-की-मल्ली’ असे चमत्कारिक नाव असलेला घाटातला एक मोठा कमानींचा पूल उद्घाटनानंतर अवघ्या चार वर्षांनी, जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसाळ्यात कोसळला. बाहेरून घडीव दगडांची देखणी भिंत आणि आत निकृष्ट भराव, अशा घाईच्या कामाचा हा परिणाम होता. त्या जागी पुन्हा बांधकाम करावे लागले. घाटाचा हा इतिहास केवळ अभिमानाचा नाही, हे मला ठाऊक आहे. फलकावर हेही लिहावे, अशी माझी मागणी आहे. आज पुलाचे निकृष्ट बांधकाम हा विषय निघाला की ‘इंग्रजांच्या काळात असं नव्हतं’ असे सहज म्हटले जाते. त्या म्हणणाऱ्यांनी तो फलक वाचावा.

आता तक्रारी मांडते.

पहिली तक्रार आपल्या उत्तरातल्या कारणाविरुद्ध आहे. पूल वापरात आहे म्हणून तो वारसा नाही, हे कारण टिकत नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथे रोज लाखो माणसे लोकल पकडतात. दार्जिलिंगची रेल्वे १९९९ मध्ये, निलगिरीची २००५ मध्ये आणि कालका–सिमला २००८ मध्ये त्याच यादीत गेली. तिन्ही मार्गांवर गाड्या धावतात, आणि त्या धावतात हेच त्यांचे मोल मानले गेले. ज्या रेल्वे कंपनीने मुंबईत हे भव्य टर्मिनस उभारले, तिनेच त्याच्या आधी पंचवीस वर्षे घाटाचे काम पुरे केले होते. टर्मिनसवर रोषणाई होते, त्याची सहल निघते, शिल्पांवर व्याख्याने होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या वाटेने दख्खनचा माल बंदरात उतरू लागला आणि तो डौल शक्य झाला, ती वाट यादीत बसत नाही असे कोणी लेखी कळवत असेल तर यादीची व्याख्या तपासायला हवी.

दुसरी तक्रार स्मृतीबद्दल आहे, आणि माझ्या दृष्टीने ही सर्वांत मोठी. घाटाच्या बांधकामाशी जोडलेले एकच स्मारक लोकांच्या रोजच्या व्यवहारात आहे, आणि ते कोणत्याही खात्याने उभारलेले नाही. जुन्या मुंबई–पुणे रस्त्यावरचे शिंग्रोबाचे देऊळ. आख्यायिका अशी, की साहेबांना घाटातून वाट सापडेना तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या गुरांच्या वाटेवरून ती दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारल्यावर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि साहेबाने त्याला गोळी घातली. ही कथा कागदावर सिद्ध होणार नाही. तरी ट्रकचालक तिथे वेग कमी करून नाणे टाकतात, हात जोडतात आणि पुढे जातात. ज्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत त्या हजारो माणसांची जागा लोकांनी एका धनगराला दिली आहे, असे मी त्या देवळाकडे पाहते. समाजाने आपल्या परीने काम केले. ज्यांच्या हाती दप्तरे आहेत त्यांनी केले नाही.

इथे एक परदेशातले उदाहरण देते, कारण ते नेमक्या अशाच पुलाचे आहे. इंग्लंडच्या यॉर्कशायरमध्ये रिबलहेड नावाचा २४ कमानींचा रेल्वेपूल आहे. त्याचे काम १८७० मध्ये सुरू झाले, म्हणजे तो बोरघाटाहून धाकटा. तिथल्या ओसाड माळावर झोपड्यांत राहणारे मजूर आणि त्यांचे कुटुंबीय मोठ्या संख्येने देवी, आजार आणि अपघात यांत मेले. जवळच्या लहानशा चर्चमध्ये त्यांची आठवण ठेवणारा स्मृतिलेख आहे, झोपड्यांच्या वस्तीच्या खुणा जपल्या आहेत, आणि शेजारच्या छोट्या स्थानकाच्या इमारतीत माहिती केंद्र चालते. पुलावरून गाड्या आजही जातात. १९८० च्या दशकात हा मार्ग बंद करण्याचा घाट घातला गेला होता. लोकांनी विरोध केला आणि १९८९ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. रेल्वे इंग्रजांची, अभियंते इंग्रज, आणि त्यांनी आपल्या देशातल्या मजुरांची आठवण ठेवली. आपल्या मजुरांची आठवण त्यांनी ठेवावी ही अपेक्षा कशी करणार? ती आपणच ठेवायची होती. शिवाय पैसा तरी कोणाचा होता? कंपनीच्या भागधारकांना ५ टक्के परताव्याची हमी होती, आणि उत्पन्न कमी पडले तर ती तूट इथल्या महसुलातून भरून निघत असे. दगड इथला, हात इथले, सारा इथला.

तिसरी तक्रार नावांची आहे. आपल्या नोंदींत पुलांना किलोमीटर आणि क्रमांक आहेत, आणि देखभालीसाठी ते बरोबरच आहे. परंतु ‘म्हौ-की-मल्ली’ हे नाव ना मराठी आहे, ना इंग्रजी, ना हिंदी. कोणा साहेबाने ऐकले तसे लिहिले आणि पुढच्यांनी निरनिराळ्या स्पेलिंगांनी ते गिरवले. मला ते ‘मोहाची माळ’ किंवा त्याच्या जवळचे काहीतरी वाटते. मोहाची झाडे या उतारांवर असतात. ठाकूरवाडी, नागनाथ ही स्थानकांची नावे इथल्या वाड्या-देवस्थानांवरून आली आहेत, मग पुलांची आणि बोगद्यांवरच्या टेकड्यांची नावे ठाकर आणि कातकरी वाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून का नोंदवू नयेत? ही पिढी आणखी किती वर्षे आहे, हे सांगायला नको.

चौथी तक्रार सुरक्षिततेची आहे, आणि इथे आपण व मी एका बाजूला आहोत. रुळांवरून चालत पुलावर जाणे हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच राहिला पाहिजे. चित्रफीत काढण्यासाठी बोगद्याच्या तोंडाशी उभी राहणारी मुले पाहिली की गँगमनच्या मुलीच्या अंगावर काटा येतो. परंतु नुसत्या बंदीने काय होते, ते गोव्याच्या सीमेवरील दूधसागरला दिसले. जुलै २०२३ मध्ये बंदी मोडून रुळांवर गेलेल्या पर्यटकांना उठाबशा काढायला लावल्याच्या चित्रफिती सगळीकडे फिरल्या, त्यावर लोक हसले आणि पुढच्या पावसाळ्यात गर्दी पुन्हा झाली. पाहण्याची इच्छा उठाबशांनी जात नाही. ती इच्छा रुळांपासून दूर, कठडा असलेल्या एका जागी वळवता येते. घाटातल्या कमानी ज्या वळणांवरून दिसतात ती वळणे स्थानिकांना ठाऊक आहेत. ती निवडायला सल्लागार नेमण्याची गरज नाही.

पाचवी गोष्ट तक्रारीपेक्षा भीती आहे. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, अमृतांजन पूल सुरुंग लावून पाडण्यात आला. तो पाडण्याची कारणे खरी होती, द्रुतगती मार्गावर तिथे कोंडी आणि अपघात होत होते, आणि त्या निर्णयावर मी आज वाद घालत नाही. परंतु पूल गेल्यावर दोन दिवस सगळ्यांच्या मोबाइलवर त्याचीच छायाचित्रे होती, आणि तो नेमका कधीचा, कशासाठी बांधलेला, याबद्दल प्रत्येक बातमीत वेगळी माहिती होती. एवढी वर्षे ज्याच्या खालून गेलो त्याची खात्रीची माहिती आपल्याकडे नव्हती. उलट्या स्थानकाचे उरलेसुरले अवशेष त्याच वाटेने जाऊ नयेत. घाटात नव्या मार्गिकांची, नव्या बोगद्यांची चर्चा कायम असते, आणि नवी कामे व्हायलाच हवीत. पण उद्या एखादी जुनी कमान वापरातून गेली, तर आपल्या आजच्याच तर्काने ती वारसा ठरेल की मोडीत निघेल?

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. पुलावर प्रवेश नको, रोषणाई नको, सेल्फी पॉइंट तर मुळीच नको. घाटातील कमानींचे जुने पूल, बोगद्यांची जुनी तोंडे आणि उलट्या स्थानकाचे अवशेष यांची नावानिशी यादी करून ती प्रसिद्ध करावी, आणि त्यांपैकी काहीही बदलण्यापूर्वी किंवा पाडण्यापूर्वी त्याची मोजमापे व छायाचित्रे घेणे बंधनकारक करावे. रुळांपासून सुरक्षित अंतरावर दोन ठिकाणी कठडा आणि मराठी फलक लावावेत, आणि त्यांवर अभियंत्यांबरोबर मजुरांचा, उद्घाटनाबरोबर १८५९ च्या उठावाचा आणि १८६७ च्या पडझडीचा उल्लेख असावा. काचेच्या छताच्या डब्यांत घाट सुरू होताना दोन मिनिटांची मराठी माहिती ऐकवावी. ध्वनिक्षेपक बसवलेलेच आहेत. घाटातल्या एखाद्या स्थानकावर वापरात नसलेली एक खोली जुन्या नकाशांसाठी आणि छायाचित्रांसाठी द्यावी. आणि कंत्राटदारांचे हिशेब, हजेरीपट, दवाखान्याच्या वह्या, दफनाच्या नोंदी, जे काही आपल्या दप्तरांत उरले असेल ते अभ्यासकांना पाहायला खुले करावे. या शेवटच्या मागणीला एक रुपयाही लागत नाही, म्हणून तिचे उत्तर मला सर्वांत आधी हवे आहे. तीस दिवसांत कोणत्याही एका कार्यालयाने ‘हे काम आमचे’ एवढे लेखी कळवले, तरी पुढचा पत्रव्यवहार मी त्याच कार्यालयाशी करीन आणि बाकीच्यांना त्रास देणार नाही.

फलकाचा मजकूर कोण लिहिणार, या प्रश्नावर काम अडू नये म्हणून मसुदा सोबत देत आहे:

“समोर दिसणाऱ्या कमानी बोरघाट रेल्वेमार्गाच्या आहेत. काम सुरू १८५६, मार्ग खुला १८६३. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. कंत्राटदार विल्यम फेवियल, त्यांच्यानंतर सॉलोमन ट्रेडवेल आणि अॅलिस ट्रेडवेल. मजुरी थकल्यामुळे १८५९ मध्ये येथील कामगारांनी उठाव केला. १८६१ मध्ये या घाटात सुमारे ४२,००० स्त्रिया, पुरुष आणि मुले काम करत होती. हजारो येथेच मृत्यू पावली. १८६७ मध्ये घाटातील एक मोठा पूल कोसळला व तेथे पुन्हा बांधकाम करावे लागले. मृत मजुरांची नावे उपलब्ध नाहीत.”

यातील शेवटची ओळ मी पेन्सिलीने लिहिली आहे. आपल्या दप्तरात एक जरी हजेरीपट सापडला, तर ती खोडून त्या जागी नावे घालावीत.

कळावे,

आपली,
खंडाळ्याच्या रेल्वे चाळीत वाढलेली एक निवृत्त टपाल कर्मचारी